गावंडे, एस. जी.

हिंगोलीत अकोला रोडकडच्या वस्तीत शिरून पतंगे मॅडमची शिकवणी कुठं, असं कुणालाही विचारा, फाटकापर्यंत आणून सोडतील. नववी-दहावीचं विज्ञान आणि गणित. पुढच्या खोलीत सतरंज्या, भिंतीला फळा, आणि संध्याकाळी बाहेर सायकलींची दाटी. मॅडम शिकवतात चांगलं, सहसा चिडत नाहीत. त्यांची एकच गोष्ट पोरांना विचित्र वाटते. फळ्याच्या वर कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आहे आणि त्याला त्या झाडू लावू देत नाहीत.

दारावरची पाटी नवऱ्याच्या नावाची, सोमेश्वर पतंगे. त्यांचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. गल्लीत त्या पतंगे मॅडम, आधार कार्डावर शिला सोमेश्वर पतंगे, सासरच्या माणसांत सोमूची बायको. शिला गावंडे हे नाव हिंगोलीत आता कुणी घेत नाही. ते नाव फक्त इंटरनेटवर राहिलं आहे.

तिथं मात्र ते ठणठणीत आहे. शास्त्रज्ञांची एक साइट आहे. जगभरचे संशोधक तिथं आपापलं पान उघडतात, लेख टाकतात, एकमेकांचे वाचतात. त्या साइटवर शिला जी. गावंडे नावाची एक मुलगी आहे. वय पंचविशीचं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, उन्हानं डोळे बारीक झालेले, मागं हळदीची उंच पानं. फोटोखाली इंग्रजीत लिहिलंय की ही प्राणिशास्त्र विभागाची संशोधक विद्यार्थिनी, औरंगाबाद. विषय, हळदीच्या पिकातले कोळी. खाली पाच लेख, प्रत्येकाच्या डोक्यावर 'गावंडे, एस. जी.', आणि किती जणांनी वाचले त्याचा आकडा. तो आकडा हळूहळू वाढतच असतो.

हे पान शिला बघू शकते, उघडून त्यात काही बदलू शकत नाही. पान काढलं तेव्हा विद्यापीठाचा ईमेल होता. शिक्षण संपलं तसा तो बंद पडला. पुढं पासवर्ड डोक्यातून गेला, आणि नवा मागितला की साइट तो त्याच बंद पत्त्यावर पाठवते. त्यामुळं बाहेरच्या कुणी यावं, वाचावं आणि जावं, तशीच ती स्वतःच्या पानावर जाते.

गेली चार वर्षं ती बरेचदा जाते, आणि तिथं गेली की लेखांकडं तिचं लक्ष नसतं. फोटोच्या डाव्या कडेला एक हात दिसतो. नुसता मनगटापर्यंतचा, उलट्या धरलेल्या काळ्या छत्रीची कड पकडलेला. बोटं जाड, नखांत हळदीचा पिवळेपणा. तो तिच्या वडिलांचा, ग्यानबांचा हात आहे.

कनेरगाव नाक्यावर उतरून आतल्या रस्त्यानं गेलं की गावंड्यांचं शेत लागतं. शिलाला कोळ्यांचा नाद लागला तो एम.एस्सी.ला असताना. पीएच.डी.ची वेळ आली तेव्हा गाइड सर म्हणाले की कापसातल्या कोळ्यांवर ढीगभर काम झालंय, हळदीकडं कुणी फारसं बघितलेलं नाही, तुमच्या घरी हळद आहे ना? शिला गावी आली आणि बापाला सगळं समजावून सांगितलं. काही सऱ्यांवर औषध मारायचं नाही, किडे येतील ते येऊ द्यायचे, त्यांच्यामागं कोळी येतील, ते आपण मोजायचे. कोळ्याला गावात कांतीण म्हणतात. ग्यानबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी कांतिणीसाठी हळद लावायची म्हण की." तिला वाटलं, नाहीच म्हणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतात गेली तर बांधाकडच्या सऱ्यांना दोन्ही टोकांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. एवढं रान तुझं, असा त्याचा अर्थ.

कोळी धरायची रीत साधी असते. झाडाखाली छत्री उलटी धरायची, काठीनं खोडाला टपली मारायची, वरून जे पडेल ते छत्रीत. मग पळायच्या आत बाटलीत घ्यायचं. एकट्या माणसाला दोन हात पुरत नाहीत, म्हणून ग्यानबांनी छत्री धरायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पिवळ्या पट्ट्यांची मोठी कांतीण छत्रीत पडली तशी त्यांनी छत्रीच सोडून दिली आणि बांधावर जाऊन उभे राहिले. पुढं सरावले. पण काठी जोरात लागलेली त्यांना कधी खपली नाही. "हळू मार, माय. पान फाटून राहिलं." तीन हंगाम हे असं चाललं. शिलाला अजूनही वाटतं की आपण आयुष्यात जे काही धड केलं ते त्या तीन हंगामांत.

वसतिगृहात तिच्या खोलीत प्रियंका होती. नाशिकची, त्याच सरांकडं, पण तिचं काम प्रयोगशाळेतलं, फळमाश्यांवरचं. एका दिवाळीच्या सुट्टीत कुणाचा तरी कॅमेरा उसना घेऊन ती शिलासोबत गावी आली. चार दिवस राहिली, शिलाच्या आईच्या, सखुबाईच्या हातचा भाकर-ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं, शेतात अनवाणी हिंडली आणि मनसोक्त फोटो काढले. शिलाचा तो फोटो तिनंच काढलेला. त्यात बाप-लेक दोघं होते, ग्यानबा छत्री धरून, शिला काठी घेऊन.

पुढं गाइड सरांनी सगळ्या विद्यार्थ्यांना त्या साइटवर पान काढायला लावलं. आता तुमचं काम जगाला दिसलं पाहिजे, असं ते म्हणायचे. शिलानं तो फोटो लावला. सरांनी पडद्यावर पाहून विचारलं, हे शेजारी कोण? वडील, ती म्हणाली. सर म्हणाले, छान आहे, पण इथं एकट्याचा लागतो. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, सगळ्यांच्या पानावर एकट्याचाच होता. शिलानं फोटोची कड आत ओढली. छत्री अर्धी ठेवणं भाग होतं, म्हणून हात तेवढा राहिला. तेव्हा तिला काहीही वाटलं नाही. संगणक खोलीत मागं पोरं खोळंबली होती.

त्यानंतर जे झालं त्यात दोष द्यावा असं कुणी नाही. स्थळ चांगलं आलं, सोमेश्वर समजूतदार निघाले. प्रबंध लग्नानंतर पूर्ण झाला, पदवी मिळाली, सासऱ्यांनी पेढे वाटले. कळमनुरीकडच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचं काम मिळालं. बसनं जायचं, दोन तास घ्यायचे, बसनं यायचं. बँकेच्या कामासाठी नाव बदलून घेतलं. वैष्णवी झाली. ती लहान असतानाच तासिका कमी झाल्या आणि एका वर्षी मिळाल्याच नाहीत. शेजारच्या पोरीला दहावीचं विज्ञान अडत होतं, तिला शिकवलं, तिच्या मागून चार जणी आल्या. नमुन्यांच्या बाटल्या खोक्यात घालून माळ्यावर गेल्या. जुना फोन पाण्यात पडला आणि फोटो त्याच्यासोबत गेले. प्रियंका शिकायला जर्मनीत गेली, सुरुवातीला बोलणं व्हायचं. मग शिलाचा नंबर बदलला आणि तो तिला कळवायचा राहिला. मुद्दाम नव्हे. पण कळवलं की ती विचारणार, सध्या काय करतेस, आणि त्याचं उत्तर शिलाला द्यायचं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी हळद शिजवायच्या दिवसांत ग्यानबांच्या छातीत कळ आली. हिंगोलीला आणेपर्यंत ते गेले होते. घरात त्यांचा फोटो शोधला तर मतदान कार्डावरचा तेवढा होता. तोच मोठा करून फ्रेम केला. त्यात ते कुणाला तरी घाबरल्यासारखे दिसतात. तेराव्यापर्यंतचे दिवस उरकून हिंगोलीला परत आल्यावर शिलाला एकदम त्या पानाची आठवण झाली. तिनं मोबाइलवर पान उघडलं, फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला आणि तो हात बघत बसली. जास्त ताणलं की हात विस्कटून नुसते पिवळे-काळे चौकोन दिसायचे. मग ती थोडा लहान करायची.

ह्याच नादात ती दुसऱ्यांची पानंही बघायला लागली. बरोबरीची मुलं कुठं कुठं पोचली होती. कुणी टाय लावून उभा, कुणी सूक्ष्मदर्शकाशेजारी हाताची घडी घालून. कुणाला विज्ञानाचा ध्यास, कुणाला समाजाशी नाळ जोडायची तळमळ, आणि पुरस्कारांची रांग. ती हसायची, पण वाचायची शेवटच्या ओळीपर्यंत. प्रियंकाचं पान तर वेगळंच होतं. साइटवरचं नव्हे, तिनं स्वतःचं सुंदर संकेतस्थळ केलं होतं. ती आता जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्राध्यापक होती, फळमाश्या सोडून कोळ्यांवरच काम करत होती. तिचा गट बर्फात उभा राहून हसत होता. खाली लिहिलं होतं, आमच्यात यायचंय? जरूर लिहा. ही ओळ शिलानं किती वेळा वाचली असेल.

मागच्या वर्षी पावसाळ्यात एका दुपारी त्या संकेतस्थळावर नवीन भाग दिसला. 'माझी गोष्ट'. शिलानं बोट ठेवलं आणि समोर ग्यानबा आले.

पूर्ण ग्यानबा, डोक्यावर रुमाल, हातात छत्री, छत्रीत वाकून बघताहेत आणि हसताहेत. तोंड उघडं टाकून, पडलेल्या दाढेची जागा दिसेल असं. शेजारी गुडघ्यावर बसलेली तरुण प्रियंका. बाप हसताना कसा दिसायचा हे आपण विसरलो होतो, हे तिला त्या क्षणी कळलं. बराच वेळ तिनं खालचा मजकूर वाचलाच नाही.

मग वाचला. प्रियंकानं इंग्रजीत लिहिलं होतं की मी मराठवाड्यातल्या हळदीच्या शेतांमध्ये वाढले. अनवाणी पायांनी मी कोळ्यांच्या मागे हिंडायचे. तिथल्या एका शेतकऱ्यानं मला थांबून बघायला शिकवलं, माझं पहिलं विद्यापीठ ते शेत. खाली शेकडो लोकांनी बदाम टाकले होते. कुणी लिहिलं होतं, वाचून डोळे भरून आले.

संध्याकाळी तिनं सोमेश्वरना दाखवलं. सासऱ्यांना ते मामा म्हणायचे. ते तिच्यापेक्षा जास्त तापले. "वाढली म्हणते? आमच्या मामांच्या शेतात? तिला दोन शब्द सुनाव बराबर." शिला म्हणाली की बघू. पण तिला काय वाटत होतं ते तिचं तिलाच नीट सांगता येत नव्हतं. राग शोधला तर फारसा सापडत नव्हता. त्या शेतात वाढलेली मुलगी आता बर्फात उभी राहून कोळ्यांवर काम करते आहे, ही गोष्ट तिला इतकी जवळची वाटली की ती आपली नाही याचंच वाईट वाटत राहिलं.

महिना गेला तरी तिनं प्रियंकाला काही लिहिलं नाही. लिहायला बसली की पहिल्याच ओळीला अडायची. मी शिला पतंगे, म्हटलं तर ती ओळखणार नाही. शिला गावंडे म्हटलं तर ते खरं नाही. एके दिवशी वैष्णवीनं आईचा मोबाइल घेतला आणि तो फोटो तिच्या समोर आला. वैष्णवी तिसरीत आहे. आजोबा गेले तेव्हा फार लहान होती. तिनं विचारलं, "आई, हे फ्रेमवालेच आजोबा आहेत का? हे तर हसून राहिले."

त्याच दुपारी शिलानं मराठीत चार ओळी लिहून पाठवल्या. मी शिला गावंडे, वसतिगृहातली. तुझ्या पानावर बाबांचा फोटो पाहिला. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्या वेळचे आणखी फोटो असतील तर पाठव. खाली नंबर दिला. सध्या काय करते वगैरे काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. प्रियंकाचे केस बारीक कापलेले, कानाजवळ पांढरे झालेले, मागं स्वयंपाकघर.

"कुठं होतीस तू?" प्रियंका म्हणाली.

"इथंच. हिंगोलीत."

प्रियंका सांगत होती की तिनं शिलाला किती शोधलं. त्या पानावर दोनदा निरोप पाठवले. एकदा तर आपल्याकडं जागा निघाली तेव्हाही लिहिलं होतं की अर्ज कर. उत्तर नाही म्हणून तिला वाटलं की शिला रागावली, किंवा तिला आता हे नकोच आहे. शिला ऐकत होती. ज्या निरोपांची वाट आपण कधी बघितली नाही, कारण ते येतील असं वाटलंच नव्हतं, ते आले होते आणि एका बंद दारासमोर पडून होते. कोणत्या वर्षीची जागा, हे तिनं विचारलं नाही.

ग्यानबांबद्दल बोलणं झालं. प्रियंका रडली. मग तिनंच विषय काढला, 'माझी गोष्ट' तू वाचलीच असशील. ती जरा चाचरत, जरा समर्थन करत बोलत होती. इकडं प्रत्येक अर्जात, प्रत्येक मुलाखतीत विचारतात की तू विज्ञानाकडं कशी वळलीस. वडील बँकेत, फ्लॅटमध्ये वाढले, क्लास लावून पास झाले, हे कोण ऐकणार? एकदा एका भाषणात तुमच्या शेताचं सांगितलं तर सगळं सभागृह गप्प होऊन ऐकायला लागलं. पुढच्या वेळी त्या चार दिवसांची अख्खी सुट्टी झाली, त्याच्या पुढच्या वेळी सगळ्या सुट्ट्या. "मग कधी वाढलेच तिथं ते माझं मलाही कळलं नाही. इकडं सगळेच असं थोडंफार करतात गं."

शिला म्हणाली, "त्याचं मला काही नाही. चार दिवसांत तुला तिथं वाढावंसं वाटलं, ते बाबांना आवडलं असतं. पण एक शेतकरी असं काहून लिहिलंस? नाव होतं ना त्यांना."

पलीकडं प्रियंकानं मान खाली घातली. ती म्हणाली, "चुकलं."

फोटोंचं मात्र जमलं नाही. त्या वेळची हार्ड डिस्क केव्हाच बिघडली होती. प्रियंकाकडं तीनच उरले होते. एक संकेतस्थळावरचा, एकात शिला पंपाखाली बाटल्या धुते आहे, आणि एक ग्यानबांचा पाठमोरा, बांधावरून घराकडं जाताना. बाप-लेकीचा तो फोटो, ज्यातला हात तेवढा शिलानं ठेवला होता, तो कुठंच नव्हता. प्रियंकानं सरांकडं विचारून पाहिलं, जुन्या मैत्रिणींना विचारलं. नाहीच मिळाला. मिळेल असं शिलाला मनातून वाटत होतं, म्हणून ते काही दिवस तिला जड गेले. हसरा फोटो तिनं हिंगोलीत मोठा करून घेतला, प्रियंकाची बाजू न कापता, आणि एक प्रत गावी आईला नेऊन दिली. सखुबाईनं मतदान कार्डवाली फ्रेम काढून तिथं हा लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, ही शेजारची शिलाची मैतरीण, परदेशात असती.

प्रियंका तिच्या मागंच लागली की नवीन पान काढ. शिला टाळत राहिली. कशाला, त्यावर टाकायला काय आहे? पण नवरात्राच्या सुट्टीत शिकवणी बंद होती तेव्हा ती सोमेश्वरांच्या दुकानातल्या लॅपटॉपवर बसली. नाव लिहिलं, शिला गावंडे-पतंगे. पुढं संस्थेचं नाव मागितलं. ती जागा मोकळी सोडली तर साइट पुढंच जाऊ देईना. प्रियंकानं सुचवलेलं 'स्वतंत्र संशोधक' लिहायला तिचा हात धजेना, दोन्ही शब्द तिला आपल्या मापाचे वाटेनात. शेवटी तिनं नुसतं 'हिंगोली' लिहिलं. साइटनं विचारलं, ही संस्था आमच्या यादीत नाही, नवीन नोंदवू का? तिनं हो म्हटलं. तेव्हापासून त्या साइटवर हिंगोली नावाची एक संस्था आहे आणि तिच्यात एकच संशोधक काम करते.

मग साइटनं जुने लेख एकेक करून समोर ठेवले आणि प्रत्येक वेळी विचारलं, हा लेख तुम्ही लिहिला आहे का? त्यात सिमेंट काँक्रीटवरचा होता, मूतखड्यावरचा होता, जगात गावंडे पुष्कळ. त्यांना तिनं नाही म्हटलं. मग हळदीतल्या कोळ्यांचा पहिला लेख आला. तुम्ही लिहिला आहे का? काउंटरवर सोमेश्वर कुणाला तरी तणनाशकाचं प्रमाण सांगत होते. शिलानं पडद्याकडं पाहिलं आणि 'हो' दाबलं. पाचही लेखांना दाबलं. हे विचारायला इतक्या वर्षांत कुणी आलं नव्हतं.

दोन्ही पानं एक करून द्या, असं तिनं साइटला लिहून पाहिलं. लग्नाचा दाखला जोडला. उत्तर आलं की जुन्या ईमेलशिवाय ते होणार नाही. चार दिवसांनी साइटनं आपणहून सुचवलं, शिला जी. गावंडे यांना कदाचित आपण ओळखत असाल. शिला हसली. सोमेश्वरना बोलावून दाखवलं, तेही हसले. मग ते पुढं गेले आणि ती तशीच त्या टॉवेल गुंडाळलेल्या मुलीकडं बघत राहिली. तिला त्या मुलीचा हेवा वाटला. त्या मुलीच्या शेजारी तिचे बाबा अजूनही उभे होते.

परिचयाची जागा भरायची राहिली होती. शिलानं पुष्कळ पानं चाळली होती, ध्यास आणि तळमळ तिला पाठ झाले होते, पण तिच्याकडून ते लिहिलं जाईना. तिनं साध्या इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली. मी हिंगोली जिल्ह्यातल्या हळदीच्या शेतांमधले कोळी अभ्यासते. मध्ये नऊ वर्षं मी हे काम केलं नाही.

प्रियंकाचा लगेच फोन आला. पहिलं ठेव, दुसरं काढ. मोकळी वर्षं कुणी दाखवत नसतं. तिथं काहीतरी टाक, विज्ञान शिक्षण म्हण, मार्गदर्शन म्हण, खोटं थोडंच आहे ते? तिला खरंच काळजी वाटत होती. शिलानं दोन दिवस विचार केला. दुसरं वाक्य काढून पाहिलं, तर पान चांगलं दिसत होतं, इतरांसारखं. पण त्या नऊ वर्षांत वैष्णवी चालायला लागली होती, बाबा गेले होते, आणि असा एक दिवस नव्हता की भिंतीवर कोळी दिसला आणि तिनं त्याचं शास्त्रीय नाव मनात घेतलं नाही. ती वर्षं आपणच कापून टाकायची, हे तिला जमेना. तिनं वाक्य परत घातलं आणि प्रियंकाला कळवलं, तुझी गोष्ट तू तुझ्यासारखी सांगितलीस, माझी एवढीच आहे.

आणि त्या वाक्यामुळं पत्रं यायला लागली. लेखांबद्दल फारसं कुणी विचारत नव्हतं. पहिलं मणिपूरहून आलं. मी सहा वर्षं घरी होते, असं कुणी उघड लिहिलेलं आज पहिल्यांदा वाचलं. मग केनियातून एकीचं, तिनं बेडकांवर काम केलं होतं. मग एका निवृत्त प्राध्यापकांचं, त्यांच्या पत्नीनं शेवाळांवरचा प्रबंध अर्धा टाकला होता, तो आता पूर्ण करता येईल का म्हणून. शिला शिकवणी सुटली की शब्दकोश घेऊन एकेकाला उत्तर लिहायची.

काम तिनं पुन्हा सुरू केलं, पण ते पहिल्यासारखं नाही. भाऊ वैजनाथ आता शेत बघतो. त्याच्याकडं चार सऱ्या मागितल्या तेव्हा तो म्हणाला, "ताई, औषध न्हाई मारलं अन् कंदमाशी आली तर?" त्याचंही बराबर होतं. शेवटी बांधाकडच्या दोन दिल्या. दर रविवारी सोमेश्वर तिला मोटारसायकलवर सोडतात. मदतीला कुणी नसतं म्हणून ती झाडाखाली जमिनीवर पांढरी चादर अंथरते आणि एकटीच टपली मारते. कोळी कमी झालेत. पिवळ्या पट्ट्यांची ती मोठी कांतीण अख्ख्या हंगामात एकदाही दिसली नाही. ती नाही दिसली, हेही लिहायचं असतं, आणि ती लिहिते.

प्रियंकानं दिवाळीच्या आसपास आपल्या पानावर दुरुस्ती केली. आता तिथं लिहिलंय, ग्यानबा गावंडे यांनी आणि त्यांची मुलगी डॉ. शिला हिनं मला थांबून बघायला शिकवलं. 'वाढले' हा शब्द मात्र तसाच आहे. शिलानं तो वाचला आणि तसाच राहू दिला. दोघी मिळून एक छोटा लेख लिहिताहेत. जर्मनीतल्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही. निघाला असता तरी शिला कुठं जाणार होती, हे दोघींनाही माहीत आहे. तरी कधीकधी शिकवता शिकवता, पोरं गणित सोडवत असताना, बर्फातला तो गट तिच्या डोळ्यांपुढं येतो आणि ती त्यात आपण कुठं उभ्या असतो ते बघते.

थंडी पडायला लागली तेव्हा अकोल्याहून पुजा नावाच्या बाईचं पत्र आलं. तिनं गोगलगायींवर पीएच.डी. केली होती, लग्नानंतर सगळं सुटलं होतं. तिनं विचारलं होतं, तुमच्यासोबत एक दिवस शेतात येऊ का? शिकायला असं नाही, नुसतं बघायला. शिलानं कळवलं, रविवारी या, वाशीमवरून हिंगोलीची बस धरा आणि कनेरगाव नाक्याला उतरा.

रविवारी ती सकाळीच नाक्यावर जाऊन ढाब्यासमोर उभी राहिली. पुजाच्या पानावरचा फोटो तिनं नीट बघून ठेवला होता, लांब वेणी, पांढरा कोट, हातात काचेची बशी. दोन बसा आल्या आणि गेल्या. तिसऱ्या बसमधून एक चष्मा लावलेली, जराशी स्थूल बाई उतरली, खांद्याला पिशवी, पायात बूट. ती इकडं तिकडं बघत राहिली. शिलाही बघत राहिली. मग तीच जवळ आली.

"गावंडे मॅडम?"

ह्या नावानं तिला रस्त्यावर कुणी हाक मारून किती वर्षं झाली होती.

"फोटो फार जुना आहे माझा," ती बाई ओशाळून म्हणाली.

"माझाही," शिला म्हणाली. तिनं तिची पिशवी घेतली आणि दोघी आतल्या रस्त्याला लागल्या. दोन्ही बाजूंना हळद पिवळी पडायला लागली होती. पुजा एका झाडाशी थांबली, पान उलटं करून बघायला लागली, आणि शिला घाई न करता तिच्यासाठी थांबली.